मधला गंधार

सन दोन हजार पंचवीस, आणि तू बहात्तर वर्षांचा. एवढं पेपरात आलं. फोटो आला, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यात वर माझं नाव आलं, मोठा म्हणून. मी ते वाचलं, पेपराची घडी केली आणि पेटीखाली सारली. त्यात तुझं काही नव्हतं, बाळू.

मी चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांना चिठ्ठी चिकटवतो तेवढंच माझं लिखाण: "भाता गळतो." "खालचा पंचम मुका." दुखणं कुठे आहे ते लिहायचं, बाकी काही नाही. हीसुद्धा तसलीच चिठ्ठी समज. फक्त ह्या खेपेला पेटी माझी आहे.

तू मस्कतहून कायमचा परत आलास तेव्हा मला वाटलं होतं आता हा सकाळ-संध्याकाळ समुद्रावर फेऱ्या मारील, साखर मोजील आणि औषधं खाईल. माझ्या घराला लागून तू स्लॅबचं घर बांधलंस, मधे नुसतं कुंपण, तेही जास्वंदीचं. तीस-पस्तीस वर्षं लोकांचे एसी दुरुस्त केलेला माणूस. आणि एके दिवशी तू तो लॅपटॉप काखेत मारून माझ्या पडवीत आलास, माझ्या कामाच्या माचावरची हत्यारं हाताने बाजूला सारलीस आणि म्हणालास, "दादा, ऐक."

त्यातून जे काही निघालं ते ऐकून मी विचारलं, "कुणाची म्हैस अडकली रे?"

"सा हाय तो."

"हा सा? मेल्या, रिक्षा मागे घेताना ह्यापेक्षा बरी ओरडते."

तू हसलास. तुला राग यायचाच नाही, हीच तुझी खोड. मला राग येतो आणि समोरच्याला आला नाही की जास्त येतो.

मग तू मला समजवायला बसलास. मी ऐकत नाही असं दाखवत भाता शिवत होतो, पण ऐकत होतो. सा म्हणजे एक आकडा. एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते तो. तो आकडा तू लॅपटॉपवर हुकमाच्या ओळीत लिहायचास आणि मशीन तेवढ्या वेळा थरथरायचं. पण नुसतं थरथरलं तर शिट्टी होते, पेटी होत नाही. म्हणून त्याच आकड्याची दुप्पट, तिप्पट, चौपट थोडी थोडी त्यात मिसळायची, आमटीत मसाला घालावा तशी. मग आवाज उठायला किती वेळ, टिकायचा किती, मिटायचा कसा, त्याचेही आकडे. "हा तुझा भाता, दादा," तू त्या शेवटच्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणालास. मी म्हटलं, "माझा भाता चामड्याचा आहे. तुझा वाऱ्यावर."

पण दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी मी माच आवरून ठेवला होता. हे तुला कधी सांगितलं नाही.

वर्षभर चाललं ते. श्रावणात गणपतीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्यांची रीघ लागते. गुहागरची, खेडची, कुठकुठची मंडळी एसटीच्या टपावरून पेट्या घेऊन येतात, मला मान वर करायला फुरसत नसते. तू कोपऱ्यात बसून एकाच सुरावर आठ-आठ दिवस घालवायचास. आवाज साफ यायला लागला, अगदी साफ, आणि तरी मेलेला. तू डोकं धरून बसलास. तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "दोन्ही रीड एका सुरात लावल्यास की काय?"

दुहेरी पेटीत एका पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा असतात, त्यांना आम्ही रीड म्हणतो. दोन्ही अगदी तंतोतंत एक केल्या तर आवाज भिंतीसारखा सपाट होतो. एक केसभर सरकवायची. मग त्यांच्यात लाट उठते आणि पेटी जिवंत वाटते. तू तसं केलंस. एकाचे दोन सूर केलेस, दुसरा केसभर सरकवलास, आणि मशीनने पहिल्यांदा श्वास घेतला. मी म्हटलं, "बरा आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलास. म्हणालास, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला काय तरी शिकवलंस तू."

गमतीने बोललास. पण खरं होतं ते. मी तुला काही शिकवलं नाही. अप्पा शिकवत होते तुला, आणि ते कुणामुळे थांबलं ते आपल्या दोघांनाच ठाऊक. आता मला एकट्याला.

मग तू म्हणालास, असली कुठलीही पेटी नको, आपल्या बापाची पेटी ह्यात घालायची. अप्पांच्या पेटीतला एकेक सूर मोजून. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार होतो?

पेटी उघडून माचावर ठेवली. तू मोबाइल हातात धरून वाकलास, त्यावर आकडा दिसायचा. मी म्हटलं, "दाब की." तू मागे सरलास. "तू दाब, दादा. मी धरतो."

एकेक पट्टी मी दाबली. एकेक आकडा तू लिहून घेतलास. तीन दिवस चाललं हे. त्या तीन दिवसांत तुझं बोट एकदाही त्या पेटीला लागलं नाही. एकदा मोबाइल सटकला तर तू तो पेटीच्या झाकणावर पडू नये म्हणून हवेत झेललास, पण झाकणाला हात टेकवला नाहीस. बहात्तराव्या वर्षी. बापाने घातलेली बंदी तू बाप मेल्यावरही पाळलीस, आणि मी शेजारी उभा होतो, एका शब्दाने ती उठवता आली असती मला. "लाव हात." दोन शब्द. नाही निघाले.

मी अठरा वर्षांचा होतो, तू चौदाचा. अप्पा दुरुस्त केलेली पेटी पोचवायला गुहागरला गेले होते. त्यांची स्वतःची पेटी पडवीत होती. तिला हात लावायचा नाही, असा दंडक होता. मला वाटायचं, तिचा मधला गंधार जरा उतरलाय. बापाच्या कानाला ऐकू येत नाही, मला येतं, अशी माझी त्या वयाची अक्कल. ती पेटी एकेरी, एका पट्टीला एकच रीड. ती काढली, कानस घेतली आणि टोकाकडे घासली. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. लावून बघितली, खालीच बोलत होती. परत घासली. परत खालीच. दुपारभर घासत राहिलो.

ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूस करतो, आणि तोही कच्चा. कानशीने पितळ तापतं आणि तापलेलं पितळ खालचं बोलतं. अप्पा रोज सांगायचे, "घासलेल्या रीडचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. रातभर निवू दे." मला रातभर धीर नव्हता. सकाळी रीड निवली आणि गंधार असा चढून बसला की पेटी ओरडल्यासारखी वाटली. आणि टोक इतकं पातळ झालं होतं की मला आणखी हात लावायची छाती होईना.

दुपारी अप्पा आले. अंगरखासुद्धा काढला नव्हता त्यांनी, पेटीवर बोटं टाकली आणि थांबले. "कोणी केलान हे?"

घरात कानस धरणारे आपण दोघेच. मी खोटं बोललो नाही, बाळू. इतकी वर्षं मी मनाशी हेच धरून बसलोय की मी खोटं बोललो नाही. मी फक्त तुझ्याकडे बघितलं.

तेवढं पुरलं. अप्पांचा हात जड होता. "ह्या पेटीला परत हात लावशील तर याद राख." तू रडला नाहीस. एकदा माझ्याकडे बघितलंस, फार वेळ नाही, आणि परसात जाऊन तोंड धुतलंस. पुढल्या वर्षी काकांकडे मुंबईला गेलास, तिथून मस्कतला. जायचं कारण घरात सगळ्यांनी पोटापाण्याचं सांगितलं.

अप्पा नवीन रीड घालणार होते. राहिलं ते, दोन वर्षांत ते गेले. मग पेटी माझी झाली. माझ्या डब्यात नव्या रीड खच्चून भरलेल्या असताना मी ती एक बदलली नाही. बदलायची तर आधी ती बिघडलेली आहे असं म्हणायला लागलं असतं.

आणि मग मी त्याच्याही पुढे गेलो. खेडहून एक बुवा आले होते, कान चांगला होता त्यांचा. पेटी वाजवताना गंधारावर थांबले, भुवया चढल्या त्यांच्या. म्हणाले, "हा असा का हो?" मी छाती काढून सांगितलं, "हा आमच्या घरचा गंधार. आमच्या अप्पांच्या कानातला. सगळ्यांना नाही कळायचा." बुवांनी कानाच्या पाळ्या धरल्या. तू सुट्टीवर आला होतास, तिथेच पायरीवर बसून फणस खात होतास. तू एक गरा तोंडात घातलास आणि बी हातात घेऊन बघत बसलास. तेव्हा बोलायचंस रे. लाथ घालायचीस त्या पेटीला.

तेव्हापासून आमच्या मंडळाची पोरंटोरं, म्हातारी माणसं, सगळी त्या गंधाराला हात जोडतात. त्याच्यावर गळा लावून गातात. अख्ख्या वाडीचा सूर मी एका दुपारी बिघडवला आणि वर त्याचा मान घेतला.

आणि तू दर सुट्टीला मस्कतहून माझ्यासाठी काय आणायचास? अत्तर नाही, रेडिओ नाही. कानशी. बारीक दाताच्या, लाकडी मुठीच्या, एकापेक्षा एक. "तुझ्या हाताला बऱ्या, दादा." माझी सगळी कमाई तुझ्या कानशींवर झाली. तू टोमणा म्हणून आणायचास की माया म्हणून, हे मला अजून कळलं नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तर, मोजणी संपली. चौथ्या दिवशी तू कागद घेऊन आलास.

"दादा, खालचा गंधार एकशे त्र्याहत्तर. वरचा सहाशे ब्याण्णव. मग मधला तीनशे सेहेचाळीस हवा. बरोबर दुप्पट. हाय तीनशे बावन्न."

"मग?"

"मग काय, मधला कुणीतरी वर नेलाय."

"अप्पांनीच नेलाय. त्यांचा कान तसा होता."

"अप्पांचा कान खालच्या-वरच्याला सरळ नि मधल्यालाच तेवढा वाकडा?"

"तू मस्कतला गारवा दुरुस्त कर. मला सूर शिकवू नको."

तुझी सुमन चहा घेऊन कुंपणापाशी आली होती, माझा आवाज ऐकून तिथेच थांबली. तू आवाज चढवला नाहीस. कागद खाली ठेवलास, चष्मा काढलास. म्हणालास, "दादा, अप्पांच्या नावाने लिहितोय मी. ह्यात मी चुकीचा आकडा नाय घालू शकत. आणि तू सांगितल्याशिवाय बरोबरही नाय घालणार. कुठला घालू, तू सांग."

बाळू, दरवाजा उघडून धरला होतास तू. आत यायला सांगत होतास. मला दिसत होतं.

मी म्हटलं, "तीनशे बावन्न. आणि नको असेल तर तुझं ते खेळणं उचल माझ्या माचावरून."

तू लॅपटॉप मिटलास. "बरं. मग ती जागा मोकळी ठेवतो. तुला आठवलं की सांग."

"मला काय आठवायचंय? माझं डोकं ठिकाणावर आहे."

तीन आठवडे तू आला नाहीस. मी रोज माच आवरून ठेवत होतो. कुंपणापलीकडे तुझं खोकणं ऐकू यायचं, सुमनची भांडी ऐकू यायची, मधूनच ते मशीन सा लावायचं आणि थांबायचं. मला वाटायचं, धाकटा आहे, त्याने यावं. वीस पावलं होती. मी वयाने मोठा, माझे गुडघे दुखतात, अशी शंभर कारणं. मग एका दुपारी सुमनची हाक आली ती वेगळीच आली, आणि ती वीस पावलं मी कशी ओलांडली मला आठवत नाही. पण तोवर तू ऐकायच्या पलीकडे गेला होतास. तुझ्या कानाशी तोंड नेऊन मी बोललो, जे बोलायचं ते. उशीर झाला होता. मेलेल्या माणसाला सांगायला छाती लागत नाही.

बारावं झालं. पाहुणे गेले. सुमन लॅपटॉप घेऊन पडवीत आली आणि उभी राहिली.

"ते म्हणाले होते, दादा विचारतील तेव्हा दाखव. तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून मीच आले."

लागलं मला ते. पण तिचं खरं होतं.

तिने मशीन सुरू केलं. बटणांवर तू कागदाचे तुकडे चिकटवलेस, सा रे ग म, तुझ्या अक्षरात. मी खालचा सा दाबला. अप्पांची पेटी बोलली, बाळू. अगदी तीच. तो खालच्या सुरांचा खर्ज, पट्टी सोडल्यावर जरा रेंगाळणं, सगळं. मी एकेक करत वर गेलो. खालचे सगळे लागले, मग मधले सा, रे... आणि ग दाबला तर काही नाही. मुका. पुढे म, प, सगळे बोलले. परत खाली आलो, ग मुका. म्हशीच्या हंबरण्यापासून एवढी जिवंत पेटी उभी केलीस आणि मधोमध एक दात पाडून ठेवलास.

मी सुमनला म्हटलं, आत काय लिहिलंय ते दाखव. तिने ती ओळींची यादी उघडली. आकडे मला कळत होते. प्रत्येक आकड्यापुढे मराठीत काही लिहिलेलं होतं. तू एकदा सांगितलं होतंस, ही पुढची अक्षरं मशीन वाचत नाही, ती माणसासाठी असतात, उद्या कुणी उघडलं तर त्याला कळावं म्हणून. मी वाचत गेलो. सा, अप्पांचा, दादाने दाबला, मी मोजला. रे, अप्पांचा, दादाने दाबला, मी मोजला. सगळ्यांपुढे तसंच. मधल्या ग पुढे आकडा शून्य, आणि दोनच शब्द: दादाला विचारायचं.

"इथे काय घालायचं?" सुमनने विचारलं. "मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाले, ते दादाचं आहे, दादाला माहिती आहे."

बायकोलासुद्धा नाही सांगितलंस. पन्नास वर्षांच्या संसारात एकदाही नाही. मी आपला समजत होतो की सुमनला ठाऊक असणार, म्हणून ती माझ्याशी जरा तुटक वागते. ती तुटक नव्हती रे, मीच तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो.

मी तिला तिथेच बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. गुहागर, कानस, अप्पांचा हात, माझं बघणं. ती अप्पांच्या पेटीकडे वळली. मग म्हणाली, "त्यांना पेटी वाजवता यायची?"

"माझ्यापेक्षा बरी."

"मला ठाऊकच नाही," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

त्या दुपारी मी अप्पांची पेटी उघडली. मधल्या गंधाराची रीड काढली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचे माझे ओरखडे अजून टोकाला तसेच होते. तू शेवटच्या खेपेला आणलेली कानस घेतली, आणि ह्या वेळी मुळाकडे घासली. दोन हात, हलके. लावून बघायचा मोह झाला. नाही बघितली. रीड जागेवर बसवली, झाकण लावलं, कानस पुसून ठेवली आणि उठलो.

ही चिठ्ठी मी मंडळाच्या गणपतीच्या पुस्तिकेत छापायला देतोय. मंडळींनो, ज्याला तुम्ही हात जोडलेत तो आमच्या अप्पांचा कान नव्हता. तो माझा उतावळेपणा होता, आणि त्याचा मार बाळूने खाल्ला. ह्या वर्षी पेटी ऐकाल तेव्हा गंधार तुम्हाला उतरल्यासारखा वाटेल. उतरलेला नाही. तुमचे गळे मी चढवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निवल्यावर, मी खालचा आणि मधला गंधार एकदम दाबले. लाट उठली नाही, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळले. आवाज थोडा बारीक आहे, पातळ झालेली जीभ ती, पण सूर अप्पांचा आहे. सुमनला हाक मारली. शून्य पुसून तिथे तीनशे सेहेचाळीस घालायला तिने दाखवलं, ते मी घातलं. पुढची अक्षरं मात्र मीच एका बोटाने एकेक करून पुसली, आणि एकेक शोधून लिहिली. तासभर गेला. गंधार, अप्पांचा. मी बिघडवला होता, बाळूने नाही. सुमनने मागे उभं राहून ते वाचलं. मग मी लॅपटॉप बाजूला केला, अप्पांची पेटी तिच्यापुढे ओढली आणि म्हटलं, लाव हात.